काळजाची रेंज आणि खरात बाई

प्रियदर्शनी खरात माणसाला आधी ऐकायची आणि मग बघायची. ऐकल्यावर बहुतेकांकडं बघायची तिला गरज वाटत नसे. हेडमास्तर खाकरले तर ते खाकरणंसुद्धा तिला बेसूर लागायचं. सकाळच्या प्रार्थनेला चारशे पोरं चारशे वाटांनी निघायची आणि तिचं तोंड लिंबाची फोड चावल्यासारखं व्हायचं. पोरं तिला माघारी 'लिंबूबाई' म्हणायची. तिला ते ठाऊक होतं. ते नावसुद्धा पोरं नको तिथं लांबवून म्हणतात, एवढीच तिची तक्रार होती.

हे कान तिला वडिलांनी दिले. जालिंदर खरातांची औंधात गायन पार्टी होती. एप्रिल लागला की टेम्पोच्या हौद्यात पेटी-ढोलकी घालायची आणि माणपासून पार तासगाव-पलूसपर्यंत भीमगीतं गात फिरायचं. घरी असले की लेकीला चुलीपुढं बसवून सा लावायला सांगायचे. "भात शिजस्तवर धरायचा. दम घे, पर सूर हलवू नगंस. हलला की भात कच्चा ऱ्हातो." भात सुरावर शिजतो असं प्रियदर्शनीला नऊ वर्षांची होईपर्यंत खरंच वाटायचं.

पुढं तिनं विशारद केलं, लग्न केलं आणि मोडलं. नवऱ्याला पेटीचा आवाज सहन व्हायचा नाही, तिला नवऱ्याचा. दोन वर्षांत दोघंही सुटले. ती औंधला वडिलांकडं परत आली आणि तिथून बारा किलोमीटरवरच्या एका संस्थेच्या हायस्कुलात संगीत शिकवायला लागली. तासिका तत्त्वावर. म्हणजे बाई ठेवायच्या की नाही ते संस्थेनं दर जूनला नव्यानं ठरवायचं. "पुढच्या वर्षी पक्कं करू" हे वाक्य ती बारा वर्षं ऐकत आली होती, आणि म्हणणाऱ्याचा आवाज दरवर्षी 'पक्कं'वरच घसरायचा.

संस्था हंबीरराव चेअरमनची. दोन हायस्कुलं, एक दूध संघ आणि एक डी.एड. कॉलेज, ते बंद पडल्यावर त्याचं मंगल कार्यालय केलेलं. जुलैतल्या एका दुपारी शिपाई आठवीच्या वर्गात येऊन सांगून गेला की चेअरमन साहेबांनी बोलावलंय.

केबिनमध्ये चेअरमनचे सात फोटो होते. सातही फोटोंत ते कुणाला तरी हार घालत होते आणि बघत मात्र कॅमेऱ्याकडं होते.

"बसा, खरात बाई. आमच्या ऋषिराजचा अल्बम काढायचाय. पॉप का काय म्हणत्यात त्यो. सात गाणी हायती. तुमी जरा त्याला तयार करायचं."

"किती वर्षं शिकलाय तो?"

"शिकतोय कशाला? उपजतच हाय. सप्टेंबरात सांगलीला रेकॉर्डिंग ठरलंय. तुमी फकस्त पालिश मारायचं."

"दोन महिन्यांत गळा तयार होत नाही, साहेब."

चेअरमन मोठ्यानं हसले. "तुमाला काय अवघड हाय, बाई? तुमच्या लोकांच्या तर रक्तातच गाणं आसतंय."

हे ते कौतुकानं म्हणाले, यात शंका नाही. प्रियदर्शनीनं टेबलाच्या काचेखालच्या कॅलेंडरकडं बघितलं. जालिंदर खरातांनी तीस वर्षं पहाटे उठून खर्ज घोटला होता. थंडीत, तापात, बायको गेली त्या आठवड्यातसुद्धा. त्यात रक्तानं काडीची मदत केली नव्हती. पण चेअरमनला हे सांगणं म्हणजे म्हशीला कोमल निषाद समजावणं. आणि म्हैस निदान कान तरी हलवते.

"बघते," ती म्हणाली.

"जूनला तुमचं पक्कंच करून टाकू," चेअरमन म्हणाले आणि नेमके तिथंच घसरले.

चेअरमनचा मुलगा ऋषिराज दुसऱ्या दिवशी आला. बावीस वर्षांचा, पुण्यातलं इंजिनिअरिंग निम्म्यात टाकून आलेला. डोकं एका बाजूनं भादरलेलं, मनगटात तीन कडी. संगीताच्या खोलीत शिरला तरी त्यानं गॉगल काढला नाही. "हाय मॅडम" म्हणाला आणि पेटीशेजारी उभा राहून स्वतःचाच व्हिडिओ काढायला लागला.

"सा लाव," ती म्हणाली.

"म्हणजे वॉर्म-अप?"

"म्हणजे सा."

त्यानं लावला. पेटीच्या पांढरी चार पट्टीतून, इतक्या वरून, की तिथं त्याच्या गळ्याचं काही कामच नव्हतं. मान वर, शिरा टरारलेल्या, डोळे मिटलेले. कुंपणात मुंडी अडकलेल्या बोकडासारखा आवाज. प्रियदर्शनीनं भात्यावरचा हात काढून घेतला.

"एवढ्या वर कशाला जातोस?"

"हिट गाणी सगळी याच स्केलला असतात, मॅडम."

"तुझा गळा तिथं नाही."

"प्रॅक्टिसनं जाईल ना."

अर्धा तास ती ऐकत राहिली. तिच्या मनात त्याच्याबद्दल जे जे येत होतं ते एका शिक्षिकेला शोभणारं नव्हतं. तेवढ्यात त्याचा मोबाईल वाजला. तो खिडकीपाशी गेला आणि कुणाशी तरी आळसावल्या आवाजात बोलायला लागला. "हं... नाही रे... येतो, सावकाश."

प्रियदर्शनी जागच्या जागी थांबली. तो 'सावकाश' थेट मंद्रात जाऊन बसला होता. रांजणात खडा टाकल्यावर तळातून यावा तसा. गोल, भरीव आणि तंतोतंत सुरात.

तिला आनंद व्हायला हवा होता. झाला संताप. सहावीतल्या एका पोरीला ती दोन वर्षं शिकवत होती. पोरगी सुरासाठी जीव टाकायची आणि गळा चिंधीसारखा. आणि हा. निसर्गाला अक्कल नसते, हे तिला त्या दिवशी पुरतं कळलं.

"तू जसा बोललास तसा गा," ती म्हणाली. "इथं. पांढरी एकात. तुझा गळा खर्जातला आहे."

त्यानं गॉगल कपाळावर चढवून पहिल्यांदा तिच्याकडं नीट बघितलं. "खाली गायलं की भजन वाटतं, मॅडम. रील चालत नाही."

दोन महिन्यांत तो नऊ वेळा आला. त्यांतल्या तीन वेळा शूटिंगला.

रेकॉर्डिंग सांगलीत, एका हार्डवेअरच्या दुकानाच्या माडीवर. तिथला विश्वजित नावाचा रेकॉर्डिस्ट पस्तिशीचा, पोट सुटलेला, डोळ्यांखाली काळी वर्तुळं असलेला माणूस होता. गाण्यांच्या चालीही त्यानंच बांधल्या होत्या. अल्बमचं नाव 'काळजाची रेंज'. पहिल्या गाण्याचं धृपद असं होतं: 'तुझ्या डोळ्यांच्या टॉवरला माझ्या काळजाची रेंज.' दुसरं बुलेटवर, तिसरं 'साहेबांचा वाघ', म्हणजे स्वतःवरच. चौथं कसं कोण जाणे बरं होतं. 'पाणी सरलं पाटाचं, वल ऱ्हायली मातीला,' अशी संथ ओळ होती आणि चालीला खरीखुरी वळणं होती. पण तिच्याखाली विश्वजितनं ठोक्यांचा असा दणदणाट घातला होता, की त्या मातीवरून रोड रोलर फिरल्यासारखं वाटायचं.

ऋषिराज काचेपलीकडं ओरडत होता. विश्वजितनं प्रियदर्शनीकडं बघितलं.

"ताई, शब्द तेवढे नीट म्हणून घ्या. सूर मी लावतो."

"तुम्ही?"

त्यानं पडद्यावरच्या रेघा दाखवल्या. जिथं जिथं ऋषिराज घसरला होता तिथं तिथं त्यानं रेघ उचलून नेमक्या जागी बसवली. मग वाजवून दाखवलं. आवाज सुरात होता. इस्त्री केलेल्या नायलॉनसारखा. त्यात ना सुरकुती, ना माणूस.

"तुम्हाला काही वाटत नाही?" तिनं विचारलं.

"ताई, मी गाड्यांना रंग मारणारा माणूस. लोक गाडी ठोकून आणतात, मी चेपल्या जागा भरून रंग मारून देतो. ठोकली कुणी ते विचारायचं नसतं." मग हळू आवाजात म्हणाला, "चौथं गाणं मी माझ्यासाठी केलं होतं. दणका चेअरमन साहेबांनी घालायला लावला."

तिला त्याची दया आली नाही. स्वतःच्या चालीवर आपल्या हातानं रोलर फिरवणाऱ्याची कसली दया? पण परतीच्या एसटीत, कडेगाव मागं पडेपर्यंत, ती चाल तिच्या डोक्यातून गेली नाही.

दसऱ्याच्या आधी अल्बम यूट्यूबवर आला. त्याच सकाळी हेडमास्तरांनी शिक्षकांच्या ग्रुपवर लिहिलं: 'सर्वांनी गाणे ऐकून, लाइक करून स्क्रीनशॉट टाकणे बंधनकारक आहे.' गणिताच्या सरांनी घरातल्या पाच मोबाईलवरून पाच स्क्रीनशॉट टाकले. दूध संघात दूध घालायला आलेल्या म्हाताऱ्यांच्या हातातले फोन काढून संघाचे कारकून चॅनेल सबस्क्राइब करून द्यायचे. साध्या फोनवाल्या शिपायाला, मुलाचा फोन घेऊन ये म्हणून, घरी पिटाळलं. चार दिवसांत आकडा असा फुगला, की खटाव तालुक्यात तेवढी माणसं तरी आहेत का, असा प्रश्न पडावा. चेअरमन म्हणाले, बघा, टॅलेंट लपत नसतंय.

प्रियदर्शनीनं स्क्रीनशॉट टाकला नाही. हेडमास्तरांनी विचारल्यावर म्हणाली, "मी ऐकलंय ते. काचेअलीकडून."

प्रकाशन सोहळा सांगलीतल्या एका नाट्यगृहात होता. संस्थेच्या बसेस भरून पोरं आणली होती, दूध संघाचे सभासद आणले होते. दारात वीस फुटी फ्लेक्स. त्यावर ऋषिराज माईक धरून गर्जत होता आणि कोपऱ्यात, आधार कार्डावर असतो तेवढा, प्रियदर्शनीचा फोटो. खाली लिहिलं होतं: 'गुरुवर्या सौ. प्रियदर्शिनी खराडे'.

ती फ्लेक्सपुढं थांबली. 'सौ.' चूक, 'शि'ची वेलांटी चूक. या दोन चुका असू शकतात. पण खरातचं खराडे बोटाच्या चुकीनं होत नाही. व्यवस्था बघणाऱ्या दादासोंना तिनं बोट दाखवून विचारलं.

"प्रिंटिंग मिस्टेक हो, बाई," दादासो दुसरीकडं बघत म्हणाले. "आता कुठं बदलत बसता? चांगलंच दिसतंय की."

स्टेजवर डाव्या अंगाला बैठक मांडली होती. पेटीला झेंडूच्या माळा, वर मोगऱ्याचा गजरा. पेटी वाजवायची नव्हती. गुरू आणि शिष्य यांच्यामध्ये पेटी असा एक फोटो हवा होता, तेवढ्यापुरती ती आणि तेवढ्यापुरतीच प्रियदर्शनी.

आता अल्बमची ना कॅसेट असते ना तबकडी. मग प्रकाशन करायचं कशाचं? म्हणून सहा फुटी क्यूआर कोड छापून त्यावर मखमली पडदा लावला होता. प्रमुख पाहुणे आप्पासो. ऐंशी वर्षांचे माजी आमदार. त्यांनी दोरी ओढली, नारळ फुटला, चेअरमनच्या मंडळींनी कोडला हळद-कुंकू लावलं आणि त्या कुंकवानं कोड काही स्कॅन होईना. शेवटी एकानं ओल्या रुमालानं पुसला. निवेदकाचं तोवर 'सुरांचा सुलतान' असं अकरा वेळा ओरडून झालं होतं.

मग दिवे फिरले, धूर सुटला आणि ऋषिराज नाचत आला. विश्वजित मागं मिक्सरवर बसून रेकॉर्ड केलेलं गाणं वाजवत होता, ऋषिराज तोंड हलवत होता. मधे मधे त्याच्या हातातला माईक तोंडापासून हातभर लांब जायचा, गाणं मात्र तसंच चालू. कुणाला त्याचं काही वाटलं नाही. प्रियदर्शनीनं सभागृहावर नजर फिरवली. एवढी माणसं, प्रत्येकाला दोन दोन कान, आणि सगळे नुसते दागिने अडकवायला नाहीतर गांधीटोपी अडवायला दिलेले.

दुसऱ्या गाण्याच्या मध्यात आप्पासो उठले आणि निवेदकाच्या हातातला माईक काढून घेतला.

"आरं, बंद करा ती मशीन. माझ्या कानातल्या मशीनला तुमची मशीन सोसंना." विश्वजितनं गाणं थांबवलं. "पोरा, म्होरं पेटी मांडलीया न्हवं? बाईबी बसल्यात. म्हण की त्यावर एक साधंसं."

चेअरमन अर्धवट उठले. त्यांचं जिल्हा परिषदेचं तिकीट आप्पासोंच्या शब्दावर अडलं होतं, हे सांगलीच्या रिक्षावाल्यांनाही माहीत होतं. ते तसेच खाली बसले आणि टाळ्या वाजवायला लागले.

ऋषिराज बैठकीवर येऊन बसला. घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. "मॅडम," तो दबक्या आवाजात म्हणाला, "काय करू?"

प्रियदर्शनीनं पेटीवरच्या माळा ओढून बाजूला टाकल्या. तिचं बोट पांढरी चारावर गेलं. अल्बमची पट्टी तीच होती. तीच द्यायची आणि गप्प बसायचं. पहिल्याच अंतऱ्यात पोरगा हजार माणसांपुढं फुटला असता. तिला कुणी बोल लावू शकलं नसतं. गुरुवर्या खराडे यांनी अल्बममधलीच पट्टी दिली होती.

पण मग ते तिला दोन हातांच्या अंतरावर बसून ऐकावं लागलं असतं. तिनं बोट खाली आणलं ते दयेनं नाही. किळस आली म्हणून.

"चौथं," ती म्हणाली. "इथून. बोलतोस तसं म्हण. ओरडलास तर मी पेटी बंद करीन."

तिनं पांढरी एकाचा सूर धरला. तो आधी चाचपडला. मग 'पाणी सरलं पाटाचं' एवढे तीन शब्द खाली उतरले आणि जागेवर बसले. दणदणाट नव्हता, धूर विरला होता. त्या चालीतली वळणं तो घेत गेला, कारण ती त्याच्या गळ्याच्या वाटेवरच होती. 'वल ऱ्हायली' वर तो मंद्र पंचमापर्यंत गेला आणि प्रियदर्शनीच्या मानेवर काटा आला. तिला त्याचाही राग आला. पण तिनं भाता हलका केला आणि त्याला पुढं जाऊ दिलं. गाणं संपलं तेव्हा ऋषिराज मांडीवरच्या हातांकडं बघत होता. स्वतःच्याच खिशातून दुसऱ्याची वस्तू निघाल्यासारखा.

टाळ्या पडल्या, तेराव्याला लोक गोडाचं खातात तशा, रीत म्हणून. पोरांनी 'बुलेट! बुलेट!' असा ओरडा सुरू केला. साधं गाणं मागणाऱ्या आप्पासोंनी दरम्यान कानातली मशीन काढली होती आणि ती धोतराच्या सोग्यानं पुसत बसले होते. मागं मिक्सरपाशी एकटा विश्वजित उभा राहिला होता.

कार्यक्रमानंतर चेअरमननी तिला विंगेत गाठलं.

"बाई, पोराचा आवाज पाडलासा तुमी."

"पडला नाही, साहेब. जागेवर बसला."

"मड्यावर रडल्यावानी गायलं पोरगं! आप्पासो काय म्हणत असत्याल?"

"आप्पासोंनी ऐकलंच नाही."

"तुमाला म्हणून मानानं स्टेजवर बसिवलं—"

"मला नाही बसवलं," ती म्हणाली. "कुणी खराडे बाई होत्या."

चेअरमननी खांद्यावरची शाल झटकली आणि पाठ फिरवली. त्या पाठीतच तिला पुढचा जून दिसला.

जूनमध्ये कागद वगैरे काही आला नाही. नव्या वेळापत्रकात संगीताचे तास पी.टी.ला दिले होते, एवढंच. हेडमास्तर बोलत होते तेवढा वेळ छताच्या पंख्याकडं बघत होते. प्रियदर्शनीनं कपाटातून आपल्या स्वरलिपीच्या वह्यांचं बाड काढलं आणि बस धरली.

जालिंदर ओट्यावर शेंगा निवडत बसले होते. घशाचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांचा आवाज फाटक्या भात्यासारखा झाला होता. बोलले तर अर्धा वाराच यायचा.

"काढलं?" त्यांनी विचारलं.

"काढलं."

"बरं झालं. बारा वर्सं बेसूर प्रार्थना ऐकल्यास. जन्मठेप सुदीक चौदाची आसती."

तिनं घरातच क्लास काढला. औंधातल्या सात-आठ पोरी यायला लागल्या, दोन भजनी मंडळांच्या बायका आल्या. पोरी यथातथाच होत्या, बायका तर ऐकायच्याच नाहीत. तिचं तोंड पूर्वीसारखंच लिंबू चावल्यासारखं असायचं. पण इथं तोंड कसं ठेवायचं ते तिचं तिनं ठरवायचं होतं.

ऑगस्टात एका सकाळी दारात बुलेट थांबली. ऋषिराज. गॉगल नव्हता, डोकं सगळीकडून सारखं कापलेलं.

"मॅडम, त्या दिवशी आलं ते परत येत नाही."

"बापानं पाठवलं?"

"त्यांना माहीत नाही. त्यांनी दुसरा अल्बम ठरवलाय. मी... मला ते खालचं पाहिजे."

तिला त्याला उंबऱ्यावरूनच परत लावायचं होतं. वेळापत्रकातून नाव गेलं तेव्हा या पोरानं तोंड उघडलं नव्हतं. ते त्याला माहीत तरी होतं की नाही, देव जाणे. आणि देवाशी तिचा संबंध नव्हता. ती नाही म्हणणार तेवढ्यात आतून जालिंदरांचा खरखरीत आवाज आला.

"घे आत. गळा त्याचा हाय, बापाचा न्हाई."

अकरा दिवस तो आला. पहाटे सहाला, यमाईच्या डोंगरावर उजेड पसरायच्या आत. ती त्याला फक्त खर्ज लावायला लावायची. सा, आणि सा, आणि परत सा. तिसऱ्या दिवशी तो कंटाळला, पाचव्या दिवशी चिडला, सातव्या दिवशी त्याच्या आवाजाला तळ यायला लागला. जालिंदर आतल्या खोलीत खाटेवर पडून ऐकायचे आणि मधेच खाटेच्या लाकडावर बोटानं एक ठोका द्यायचे. ती त्यांची दाद होती. प्रियदर्शनी तोंडानं 'ठीक' म्हणायची. पण दहाव्या दिवशी तो गेल्यावर तिनं भाताला आधण ठेवलं आणि आपण गुणगुणतोय हे तिच्या उशिरा ध्यानात आलं.

बाराव्या दिवशी ती आत दिवा लावून येते तोवर त्यानं पेटीपुढं मोबाईलचा स्टँड उभा केला होता.

"हे काय?"

"एकच मॅडम, छोटासा. 'गुरुगृही रियाज' असं टाकायचंय. लोकांना आवडतं. तुमचाही क्लास चालेल."

तिनं पेटीवर झाकण घातलं आणि खिट्टी लावली.

"उचल ते आणि जा."

"मॅडम, मी गातोय ना नीट—"

"तू गात नाहीस. तू स्वतःला बघतोयस. गाढवाला आरसा दिला म्हणून ते घोडं होत नाही. जा."

तो उभा राहिला. त्यानं स्टँड मिटून काखेत मारला. बुलेट सुरू झाली आणि वळणाला आवाज पुसट झाला. आत खाटेवर जालिंदर जागे होते. त्या दिवशी ते लेकीशी संध्याकाळपर्यंत बोलले नाहीत.

दुसरा अल्बम आलाच नाही. दिवाळीनंतर ऋषिराज संस्थेचा सचिव झाल्याचा फ्लेक्स लागला. त्यात तो कुणाला तरी हार घालत होता आणि कॅमेऱ्याकडं बघत होता.

वर्षभरानं प्रियदर्शनी वडूजच्या स्टँडवर औंधची गाडी बघत उभी होती. एक पांढरी गाडी पुढं जाऊन थांबली आणि मागं आली. काच खाली झाली. ऋषिराज होता; अंगात पांढरा शर्ट, कपाळाला टिळा, थोडा सुटलेला.

"मॅडम, नमस्कार. सोडू का औंधला?"

"नको. बस येईल."

तो हसला. आवाज तसाच होता; खोल, भरलेला, आणि आता शाळांच्या मिटिंगांत खर्ची पडणारा. "मॅडम, गाणं सोडलं मी. सांगायचं होतं तुम्हाला."

त्याच्या डोळ्यांत काहीतरी होतं. तिला ते दिसलं, नाही असं नाही. पण तोंडातून निघायचं ते निघून गेलं.

"बरं केलंस," ती म्हणाली.

त्यानं मान हलवली. काच वर गेली, गाडी गेली.

घरी येऊन तिनं पिशवी खाली ठेवली आणि चूळ भरली. जालिंदर ओट्यावरच होते.

"काय झालं? तोंड आसं का?"

"चेअरमनचा ऋषिराज भेटला. गाणं सोडलं म्हणाला."

"मग तू काय म्हणालीस?"

"बरं केलंस म्हणाले."

जालिंदरांनी हातातली शेंग खाली ठेवली. ओट्याखाली कोंबडी टरफलं उकरत होती. मग त्यांनी घसा साफ करायचा प्रयत्न केला. तो आता साफ होत नसे.

"खोटं बोललीस," ते म्हणाले.

क्लासच्या पोरी आल्या, तिनं पेटी काढली, तास घेतला. ऋषिराजचा नंबर तिच्या मोबाईलमध्ये आहे. त्या आठवड्यात तिनं तो दोनदा काढून बघितला. फोन केला नाही. अजून केलेला नाही.